सहावी ते आठवीच्या वर्गात भौतिकशास्त्राचे प्रकल्प: पहिल्यांदाच करून घेणाऱ्या शिक्षकांसाठी

विज्ञानाचा प्रकल्प म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी मॉडेल उभं राहतं. रंगवलेलं धरण, पुठ्ठ्याची पवनचक्की आणि शेजारी सुवाच्य अक्षरातला तक्ता. मूल त्यावर आठवडाभर खपतं, प्रदर्शनात पाठ केलेली चार वाक्यं म्हणून दाखवतं, आणि कुणी विचारलं की "पाती लांब केली तर काय होईल?" तर गप्प होतं. यात मुलाचा दोष नाही. त्याला बनवायला सांगितलं होतं, शोधायला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून या लेखात मी एकच आग्रह धरणार आहे. प्रकल्पात मुलाने काहीतरी मोजलं पाहिजे, आणि मोजायला बसण्याआधी स्वतःचा अंदाज वहीत लिहिला पाहिजे. अंदाज चुकला तर उत्तमच. चुकलेला अंदाज आणि समोर आलेला आकडा यांच्यातलं अंतर भरून काढतानाच मूल विचार करायला लागतं. साहित्य साधं असो की महागडं, याने फारसा फरक पडत नाही. खाली दिलेले सगळे प्रकल्प दोरा, नट, तार, सेल, आरसा आणि बाटली यांवर भागतात.

प्रश्न आधी, साहित्य नंतर

"लंबक म्हणजे काय?" हा पुस्तकातला प्रश्न झाला, त्याचं उत्तर वाचून मिळतं. "दोरा दुप्पट लांब केला तर एका झोक्याला लागणारा वेळही दुप्पट होईल का?" याचं उत्तर हाताने काढावं लागतं. प्रकल्पाला दुसऱ्या जातीचा प्रश्न हवा.

प्रश्न मनात आला की तो तीन गोष्टींवर पारखून घ्या. आपल्याला हवी ती एक गोष्ट बदलता येते का? तिचा परिणाम आकड्यात मोजता येतो का? आणि बाकीच्या गोष्टी होत्या तशाच ठेवता येतात का? तिसरी अट सगळ्यात अवघड, आणि मुलं शिकतात ती बहुतेक तिथेच. "कोणता कागदी विमानाचा आकार सगळ्यात लांब जातो?" हा प्रश्न दिसायला फार आकर्षक, पण प्रत्येक फेक वेगळ्या जोराची असते आणि मुलांना ती सारखी ठेवता येत नाही. सुरुवातीला असे प्रश्न टाळा. दोन-तीन प्रकल्प हाताखालून गेले की मुलं स्वतःच विमान फेकायला रबराची गलोल बांधून आणतील, तेव्हा खुशाल करू द्या.

वर्गात जाण्याआधी

मुलं जे साहित्य वापरणार आहेत तेच घेऊन, तितक्याच वेळात, प्रयोग आधी स्वतः करून बघा. वाचून "हे तर सोपं आहे" असं वाटणं आणि सेफ्टीपिन वारंवार निसटत असताना ते जमवणं यात बराच फरक आहे. स्वतः केल्याने आणखी एक फायदा होतो: साधारण किती आकडा यायला हवा हे माहीत असतं. मग एखाद्या गटाचं उत्तर निम्मं आलं तर ते कशामुळे, हे तुम्हाला चटकन ओळखता येतं.

गट तीन किंवा चार जणांचे करा. पाच जण झाले की दोघं नुसती बघत बसतात. कामं वाटून द्या: एक जण प्रयोग चालवणार, एक जण वेळ लावणार, एक जण मोजणार आणि लिहिणार. दर फेरीला कामं फिरवा, नाहीतर सुंदर अक्षराची मुलगी कायम लिहीतच राहते आणि धीट मुलगा कायम साहित्य हाताळत राहतो. ही गोष्ट किरकोळ नाही. ज्याच्या हाताने प्रयोग झाला त्यालाच तो समजतो.

शक्य असेल तर सलग दोन तास मागून घ्या. एका तासात साहित्य वाटून, मांडणी करून, दोन वाचनं होईपर्यंत घंटा वाजते. प्रत्येक गटाचं साहित्य आधीच एकेका डब्यात भरून ठेवलं की सुरुवातीची पंधरा मिनिटं वाचतात.

पहिला प्रकल्प: लंबक

नवख्या शिक्षकाने सुरुवात लंबकापासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. यात काही तापत नाही, सांडत नाही, फुटत नाही. साहित्य पाच मिनिटांत लागतं. आणि उत्तर मात्र असं येतं की वर्गातले जवळजवळ सगळे अंदाज कोसळतात.

लागतं ते इतकं: बारीक पण न ताणला जाणारा दोरा, एकाच मापाचे चार-पाच लोखंडी नट, मीटरपट्टी, कोनमापक, चिकटपट्टी आणि सेकंदाचे भाग दाखवणारं घड्याळ. रबर किंवा लोकर चालणार नाही, झोका घेताना लांबी बदलते.

1. अंदाज लिहा. तीन प्रश्न फळ्यावर लिहा: नट वाढवले तर झोका लवकर होईल, उशिरा होईल की तितकाच वेळ लागेल? जास्त लांबून सोडला तर? दोरा लांब केला तर? प्रत्येकाने आपलं उत्तर कारणासह वहीत लिहायचं, गटात चर्चा न करता. "जड वस्तू लवकर येईल" असं लिहिणारे बरेच असतील. तुम्ही चेहऱ्यावर काही दाखवू नका.

2. दोरा टांगा. दोऱ्याचं वरचं टोक बाकाच्या कडेला नुसतं चिकटवू नका, झोक्याबरोबर ते सरकतं. दोन पट्ट्यांच्या फटीत दाबून धरलेला दोरा एका ठरलेल्या बिंदूपासून हलतो. लांबी मोजायची ती या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत. गाठीपर्यंत मोजली तर एखाद-दोन सेंटिमीटरचा घोळ होतो आणि लहान लंबकात तो जाणवतो.

3. वीस झोके मोजा. एक झोका म्हणजे जाऊन परत येणं. एकाच झोक्याची वेळ घेऊ नका. डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. एका सेकंदाच्या झोक्यात ही चूक फारच मोठी ठरते. वीस झोक्यांची वेळ घेऊन तिला विसाने भागलं की तीच चूक वीस ठिकाणी वाटली जाते. असं का करायचं ते आधी सांगू नका. एका गटाला एकेक झोका पाच वेळा मोजू द्या, दुसऱ्याला वीस झोके. दोघांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. कुणाचे आकडे जास्त विखुरले आहेत हे मुलांना आपोआप दिसतं.

4. शून्यापासून मोजा. लंबक सोडताना "एक" म्हणायची सवय असते. मग वीस म्हणेपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच झोके झालेले असतात आणि उत्तर पाच टक्क्यांनी कमी येतं. सोडताना "शून्य" म्हणायचं, पहिल्यांदा परत आला की "एक". सगळ्या वर्गाकडून हे एकदा मोठ्याने म्हणवून घ्या.

5. एका वेळी एकच बदल. आधी लांबी 25 सेंटिमीटर आणि कोन 10 अंश ठेवून फक्त नट बदला. मग नट एकच ठेवून कोन बदला. शेवटी लांबी. प्रत्येक मांडणीची तीन वाचनं आणि त्यांची सरासरी.

नट वाढवताना एक खोच आहे आणि ती मला या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची जागा वाटते. मुलं दुसरा नट पहिल्याच्या खाली बांधतात, तिसरा त्याच्याही खाली. मग वजन वाढलं तशी झोक्याची वेळही वाढलेली दिसते आणि गट आनंदाने लिहून टाकतो की वजनामुळे लंबक मंदावतो. आकडा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. नट एकाखाली एक लोंबल्याने वजनाचा मध्य खाली सरकला, म्हणजे लांबीच वाढली. लगेच दुरुस्त करू नका. ज्या गटाने सगळे नट एकाच उंचीवर शेजारी शेजारी बांधले त्याचे आकडे या गटाला दाखवा आणि विचारा, "दोघांच्या लंबकांत काय फरक आहे?" मग गप्प राहा. या गप्प राहण्याला कधी कधी पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं द्यावीत.

आकडे काय यायला हवेत? 25 सेंटिमीटरच्या लंबकाला वीस झोक्यांना सुमारे 20 सेकंद, 50 सेंटिमीटरला सुमारे 28, आणि 100 सेंटिमीटरला सुमारे 40. लांबी चौपट झाली तेव्हा कुठे वेळ दुप्पट झाला. वजनाने काहीच फरक पडत नाही. कोनाचं म्हणाल तर 20 अंशांच्या आत फरक इतका थोडा असतो की हातातल्या घड्याळाने तो पकडता येत नाही. पण 60 अंशांवर एका झोक्याचा वेळ सुमारे 7 टक्क्यांनी जास्त असतो, आणि झोका मंदावत जातो तसा हा फरक घटत जातो. एखाद्या चिकित्सक गटाने "कोन खूप मोठा केला तर थोडा फरक पडतोय" असं सांगितलं तर त्यांना चूक ठरवू नका. झोका लहान असो वा मोठा, वेळ तोच लागतो असं गॅलिलिओने मांडलं होतं. मोठ्या झोक्याला ते तंतोतंत लागू पडत नाही हे ह्यूजेन्स या डच शास्त्रज्ञाने दाखवलं. लंबकाचं पहिलं चांगलं घड्याळ 1656 साली बनवलं तेही याच ह्यूजेन्सने. त्या गटाच्या हाताला लागलेली गोष्ट खरीच आहे.

6. आलेख काढा आणि भाकीत करा. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर वीस झोक्यांची वेळ. बिंदू जोडताना मुलं पट्टी घेऊन सरळ रेष मारायला जातात. बिंदू वाकत चालले आहेत हे त्यांना दिसू द्या. मग पट्टी बाजूला ठेवून हाताने सलग वक्र काढायला सांगा. आता खरी परीक्षा: 60 सेंटिमीटरचा लंबक अजून कुणी केलेला नाही. आलेखावरून त्याची वेळ सांगा, फळ्यावर लिहा, आणि मग करून बघा. 31 सेकंदांच्या आसपास येतं. भाकीत जुळल्यावर वर्गात होणारा गलका थांबवायची घाई करू नका.

आठवीच्या मुलांना पुढचं पाऊलही झेपतं. वेळेऐवजी वेळेचा वर्ग घेऊन आलेख काढला की वक्र सरळ होतो. सूत्र सांगण्याची गरज नाही. लांबी आणि वेळेचा वर्ग हातात हात घालून वाढतात इतकं कळलं तरी या वयाला पुष्कळ.

दुसरा प्रकल्प: विद्युतचुंबक, आणि त्यातून मोटर

1820 मध्ये ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाला दिसलं की तारेतून वीज सोडली की शेजारची चुंबकसूची हलते. प्रकल्पाची सुरुवात तिथूनच करावी. होकायंत्रावर एक तार धरा, तिची टोकं क्षणभर सेलला लावा, सुई वळते. टोकं उलटी लावा, सुई उलट्या बाजूला वळते. दोन मिनिटांचं काम, पण नुसत्या तारेत चुंबकत्व येतं हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असलं की पुढची वेटोळी त्यांना अधांतरी वाटत नाहीत.

मुख्य प्रश्न: वेटोळी वाढवली की चुंबक किती जोरकस होतो? मोजायचं कसं, तर किती टाचण्या उचलल्या जातात ते. सात-आठ सेंटिमीटरचा लोखंडी खिळा, इनॅमल चढवलेली तांब्याची बारीक तार (मोटर वाइंडिंगला वापरतात ती), दीड व्होल्टचा सेल आणि टाचण्या एवढ्यावर काम होतं. तारेवरचं इनॅमल वीज वाहू देत नाही, म्हणून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून तांबं उघडं करावं लागतं. वर्गात एखाद्या गटाचा चुंबक चाललाच नाही तर आधी ही टोकं बघा. दहांतल्या आठ वेळा घोटाळा तिथेच असतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे निम्मी वेटोळी एका दिशेने आणि निम्मी उलट्या दिशेने गुंडाळणं. ती एकमेकांचा परिणाम खोडून काढतात.

20, 40 आणि 60 वेटोळ्यांची वाचनं घ्या. इथे "बाकी सगळं तसंच" या अटीला तीन फाटे फुटतात. पहिला, जास्त वेटोळ्यांसाठी लांब तार घेतली तर तारेचा रोधही (विजेला होणारा अडथळा) वाढतो आणि वीज कमी होते. म्हणून तिन्ही वेळा तार तितक्याच लांबीची घ्यायची आणि न गुंडाळलेला भाग तसाच मोकळा सोडायचा. दुसरा, सेल झपाट्याने उतरतो. 60 वेटोळ्यांचं वाचन झाल्यावर पुन्हा 20 वेटोळ्यांचं घ्या. पहिल्यापेक्षा कमी टाचण्या आल्या तर सेल दमला आहे हे कळतं. तिसरा, वीज बंद केल्यावरही खिळ्यात थोडं चुंबकत्व उरतं. प्रत्येक वाचनाआधी वीज न जोडता खिळा टाचण्यांजवळ नेऊन बघा. तिन्ही मुद्दे आधीच सांगून टाकले तर प्रयोग सुरळीत होईल, पण मी निदान सेलचा मुद्दा मुलांवर सोडेन. आकडे विचित्र आले की कारण शोधायला ती स्वतः उठतात.

एक सूचना मात्र आधीच, आणि कडक शब्दांत: सेल फक्त टाचण्या उचलून मोजेपर्यंत जोडायचा, पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. अशी बारीक तार सरळ सेलला लावली की भरपूर वीज वाहते, तार आणि सेल दोन्ही तापतात, बोट भाजू शकतं. मोबाइलच्या किंवा कुठल्याही लिथियमच्या बॅटऱ्या या कामाला अजिबात वापरायच्या नाहीत. आणि भिंतीतल्या विजेचा कुठल्याही प्रकल्पात संबंध येता कामा नये, "फक्त एकदाच" म्हणूनसुद्धा नाही.

याच साहित्यात एक चपटं चुंबक आणि दोन सेफ्टीपिना मिळवल्या की मोटर होते. तार मोठ्या सेलभोवती दहा-पंधरा वेळा गुंडाळून गोल वेटोळं करा, दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढा आणि त्याच टोकांचा एकेक वेढा देऊन वेटोळं आवळून घ्या. सेलच्या दोन्ही टोकांना सेफ्टीपिना उभ्या चिकटवा, त्यांच्या नेढ्यांत वेटोळ्याची टोकं अडकवा, सेलच्या पाठीवर चुंबक ठेवा.

सगळी गंमत टोकं घासण्यात आहे. एक टोक सगळ्या बाजूंनी घासायचं. दुसरं फक्त अर्ध्या बाजूने: वेटोळं बाकावर उभं धरायचं आणि त्या टोकाची वरची अर्धी बाजू घासायची, खालच्या बाजूचं इनॅमल तसंच ठेवायचं. असं का? वेटोळ्याला चुंबकाचा ढकला मिळतो तो अर्ध्या फेरीपर्यंत योग्य दिशेने. उरलेल्या अर्ध्या फेरीत तोच ढकला उलटा बसतो. त्या वेळी इनॅमलची बाजू सेफ्टीपिनवर येते, वीज तुटते आणि वेटोळं मिळालेल्या वेगावर पुढे जातं. दोन्ही टोकं पूर्ण घासलेलं वेटोळं थोडं डुलतं आणि थांबतं. एका गटाला मुद्दाम तसं करू द्या आणि दोन्ही मोटरी शेजारी ठेवून फरक शोधायला लावा. चुंबकाभोवती वीजवाहक तार सतत फिरती ठेवणं फॅरेडेने 1821 मध्ये पहिल्यांदा साधलं.

मोटर फिरत नसेल तर या क्रमाने बघा: टोकं नीट घासली आहेत का, वेटोळं एका बाजूला जड होऊन लोंबतंय का, चुंबक वेटोळ्यापासून फार लांब आहे का. आणि बोटाने हलकासा धक्का द्यायला विसरू नका. पुष्कळदा तेवढ्यासाठीच ती अडलेली असते. चुंबक साधं काळं फेराइटचं घ्या. नखाएवढी, चकचकीत, फार जोरकस चुंबकं या वयाच्या वर्गात नकोत. अशी दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याला चिमटा बसून जिवावर बेतू शकतं.

तिसरा प्रकल्प: भिंतीवर सूर्य

सूर्याचा व्यास मोजायला सपाट आरशाचा एक तुकडा पुरतो. आरशावर काळा कागद चिकटवून मधोमध अर्ध्या सेंटिमीटरचं चौकोनी भोक ठेवा. गोल नाही, चौकोनीच. आरसा उन्हात ठेवून कवडसा एका सावलीतल्या भिंतीवर पाडा. भिंत जवळ असेल तर कवडसा चौकोनी दिसतो. आता आरसा हळूहळू मागे न्या. कवडशाचे कोपरे विरघळत जातात आणि पंधरा-वीस मीटरांवर गेल्यावर भिंतीवर स्वच्छ गोल उमटतो. भोक चौकोनी, कवडसा गोल! हा गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा. झाडाखाली पडलेल्या उन्हाच्या गोल ठिपक्यांचंही तेच आहे; पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, ठिपके मात्र गोल असतात. दुसऱ्या दिवशी मुलं हे सांगायला स्वतःहून येतात.

मोजमाप सोपं आहे. आरशापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा आणि भिंतीवर कागद लावून गोलाचा व्यास मोजा. व्यासाला अंतराने भागलं की येणारं गुणोत्तर आणि सूर्याचा खरा व्यास भागिले सूर्याचं अंतर, ही दोन्ही सारखीच असतात. सूर्याचं अंतर सुमारे 15 कोटी किलोमीटर हे मुलांना सांगून टाका. 20 मीटरांवर गोल 19 सेंटिमीटरचा आला तर 0.19 भागिले 20, गुणिले 15 कोटी, म्हणजे सव्वाचौदा लाख किलोमीटर. खरा व्यास 13.9 लाखांच्या आसपास आहे. आरशाच्या तुकड्याने इतक्या जवळ जाणं ही साधी गोष्ट नाही, मुलांना तसं सांगा. उत्तर थोडं जास्त का आलं हेही विचारा. भोकाच्या आकाराने गोलाची कड थोडी पसरते, आणि मुलं त्या अंधुक कडेपासून मोजतात.

मोजताना हात चालता ठेवा. पृथ्वी फिरत असल्याने गोल भिंतीवर सरकतो आणि साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. कागदावर दर मिनिटाला पेन्सिलने कड आखली की हे सरकणंही मोजता येतं, तो वेगळाच छान प्रकल्प होईल.

सूर्याकडे थेट बघायचं नाही आणि आरशातल्या सूर्याकडे तर मुळीच नाही. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड आणि आरशाकडे पाठ करून उभं राहायचं. आरसा फक्त शिक्षकांच्या ताब्यात, वाळूने भरलेल्या डब्यावर टेकवून ठेवलेला. कडांना चिकटपट्टी लावलेली असावी.

कमी वेळ असेल तेव्हा

पाण्याच्या बाटलीतला पाणबुड्या अर्ध्या तासात होतो. पारदर्शक पेनचं टोपण घ्या, वरचं भोक असेल तर चिकणमातीने बुजवा, क्लिपेला थोडी माती लावा. टोपण पाण्यात जेमतेम तरंगलं पाहिजे. प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरून टोपण आत सोडा, झाकण घट्ट लावा आणि बाटली दाबा. टोपण बुडतं, सोडली की वर येतं. दाबल्यावर टोपणातली हवा आकसते, पाणी आत शिरतं, हे टोपणाच्या आत बघूनच कळतं, म्हणून ते पारदर्शक हवं. बुडत नसेल तर माती वाढवा, आपोआप बुडत असेल तर कमी करा.

मोकळं मैदान आणि मोठी भिंत असेल तर आवाजाचा वेग. भिंतीपासून 50 मीटरवर उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि लय अशी साधायची की प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये ऐकू येईल. आवाज जाऊन येऊन 100 मीटर जातो, म्हणजे एका टाळीपासून पुढच्या टाळीपर्यंतच्या वेळात तो 200 मीटर गेला असता. वीस टाळ्यांची वेळ घ्या, इथेही पहिली टाळी शून्याची. 11 ते 12 सेकंद आले तर वेग 340 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास निघतो. लय साधायला मुलांना जरा वेळ लागतो, संगीत शिकणारी मुलं इथे पुढे येतात.

वही आणि गुण

प्रकल्पाची वही पेनाने लिहायची, खोडरबर बंद. चुकलेला आकडा एका रेघेने खोडायचा, वाचता येईल असा, आणि शेजारी कारण लिहायचं: "दोरा सरकला", "एकपासून मोजलं". घरी जाऊन सुंदर अक्षरात उतरवून आणलेल्या वहीला मी गुण देत नाही, कारण तिच्यातून नेमके हेच शेरे गळालेले असतात.

उत्तर पुस्तकाशी जुळलं म्हणून जास्त गुण देऊ नका. एकदा दिलेत की पुढच्या प्रकल्पापासून सगळ्या गटांचे आकडे सुबक येऊ लागतात, आणि ते कुठून आले हे तुम्हालाही माहीत असतं. गुण द्यायचे ते अंदाज आणि त्यामागचं कारण लिहिलं आहे का, एका वेळी एकच गोष्ट बदलली आहे का, वाचनं पुन्हा घेतली आहेत का, आणि विचित्र आकडा आला तेव्हा गटाने काय केलं, यावर. प्रयोग फसला आणि तो का फसला हे गटाला नेमकं सांगता आलं, तर त्याला पूर्ण गुण द्यायला मी कचरत नाही.

तपासणीसाठी माझी आवडती पद्धत अशी. दोन गटांच्या वह्या आपसांत बदलायच्या. समोरच्या गटाला काहीही न विचारता, फक्त त्यांची वही वाचून, त्यांचाच प्रयोग पुन्हा करायचा. लांबी कुठपासून कुठपर्यंत मोजली, तार किती लांब होती, कोन किती होता, हे लिहिलेलं नसेल तर दुसरा गट अडतो आणि कुठे अडला ते वहीच्या त्या पानावर पेन्सिलने लिहून परत करतो. मग ज्यांची वही आहे त्यांनी तेवढी जागा भरायची. वीस मिनिटं लागतात. लंबकाच्या प्रकल्पानंतर हे करून घेतलं, तर विद्युतचुंबकाच्या वेळी तारेची लांबी कुणाला वेगळी सांगावी लागत नाही.